तिला मावशीकडे पाठवू का?

एका आईचं पत्र आलं आहे. पाच महिन्यांपूर्वी रात्री त्यांच्या घरात पुराचं पाणी शिरलं. दोघांनी दोन मुलांना कडेवर घेतलं आणि अंधारात शेजारच्या इमारतीचा वरचा मजला गाठला. जीव वाचले. घराची एक भिंत खचली, आतलं सगळं चिखलात गेलं. नवरा सुतारकाम करतो. रंधा, पटाशा, ड्रिल, हातात घेतलेली दोन कामं, सगळंच गेलं. आता चौघं भाड्याच्या एका खोलीत राहतात. दोन ठिकाणचे हप्ते चालू आहेत आणि मदतीच्या अर्जाचं पुढे काय झालं ते कुणी सांगत नाही.

मुलगी साडेचार वर्षांची आहे. तिची अंथरूण ओलं करण्याची सवय वर्षापूर्वी सुटली होती, ती परत आली. आई नळावर गेली तरी मागे येते. झोपताना बूट उशाखाली ठेवते, काढले तर किंचाळते. बाहुलीला टबात बुडवते आणि "सगळं वाहून गेलं" म्हणते, दिवसातून पाच-सहा वेळा. धाकटा अकरा महिन्यांचा आहे आणि रात्री दर दोन तासांनी उठतो. नवरा गप्प असतो, नाहीतर पैशांवरून भांडतो. सासूबाई म्हणतात, लहान आहे, विसरेल. दुसऱ्या शहरातली बहीण म्हणते, मुलीला सहा महिने माझ्याकडे दे, इथल्या शाळेत घालते. नवऱ्यालाही ते पटलंय. परवा मुलीने पुन्हा अंथरूण ओलं केलं आणि या बाईंनी तिला दोन फटके मारले. "मी अशी नव्हते हो," असं त्या लिहितात. आणि शेवटी विचारतात : तिला पाठवू का? की ती माझ्यामुळेच अशी झालीय?

*

ताई,

तुमचे दोन्ही प्रश्न एकाच ठिकाणाहून आले आहेत. या घरात राहून पोरीचं नुकसान होतंय असं तुम्हाला वाटतंय आणि त्या नुकसानाचं कारण तुम्ही स्वतःला धरलंय. म्हणजे तिला पुरापासून लांब न्यायचा हा बेत नाही. पूर पाच महिन्यांपूर्वीच ओसरला. तुम्ही तिला तुमच्यापासून लांब न्यायला निघालात. पत्रात तुम्ही असं लिहिलेलं नाही, पण मी ते तसंच वाचलं.

आधी सासूबाईंचं घेते, कारण त्या एकट्या नाहीत. निम्मं जग हेच म्हणतं. लहान आहे, विसरेल. यातली निम्मी गोष्ट खरी आहे. मोठी झाल्यावर तिला त्या रात्रीची गोष्ट बहुधा सलग सांगता येणार नाही. पण सांगता न येणं आणि विसरणं वेगळं असतं. साडेचार वर्षांच्या मुलाकडे "मला असुरक्षित वाटतंय" असं म्हणायला शब्द नसतात. मग ते शरीर बोलतं : सुटलेली सवय परत येते, बोट तोंडात जातं, पोट दुखतं, आई दिसेनाशी झाली की जीव कासावीस होतो. तुमची मुलगी विसरलेली तर नाहीच, उलट ती पुढची तयारी करतेय. बूट उशाखाली का, याचा विचार केलात? त्या रात्री ती अनवाणी निघाली असणार.

आता तुमचा समज. वरकरणी तुम्ही स्वतःला सांगताय की तिला पुराने घाबरवलं, म्हणून पूर आला त्या जागेपासून दूर गेली की ती बरी होईल. इथे मला जरा सविस्तर बोलायचंय, कारण या विषयावर माणसांनी बराच अभ्यास केलाय आणि तो तुमच्या घराशी अगदी जुळतो.

फेब्रुवारी १९८३ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियात प्रचंड वणवे लागले. अलेक्झांडर मॅकफार्लेन या मानसोपचारतज्ज्ञाने त्या भागातल्या ८०८ शाळकरी मुलांकडे पुढची दोन वर्षं लक्ष ठेवलं. अंदाज साधा होता : ज्याने आग जवळून पाहिली, ज्याचं जास्त जळलं, ते मूल जास्त काळ त्रासात राहील. तसं निघालं नाही. त्रास टिकून राहण्यात त्याहून मोठा वाटा तीन गोष्टींचा होता : आपत्तीनंतर लगेच मुलाची आईबापांपासून झालेली ताटातूट, आईच्या मनातून न हटणारा तो प्रसंग, आणि घरातल्या वागण्याबोलण्याचा बदललेला सूर. यातली पहिली गोष्ट तुम्ही आता मुद्दाम करायला निघाला आहात, म्हणून हे सांगितलं.

त्याआधीचं एक उदाहरण आहे. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडायचे तेव्हा हजारो मुलांना आईबापांपासून सोडवून सुरक्षित खेड्यांत पाठवलं गेलं. हेतू चांगलाच होता. त्याच काळात ॲना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम लंडनमध्ये लहान मुलांसाठी पाळणाघरं चालवत होत्या आणि रोजच्या नोंदी ठेवत होत्या. त्यांना दिसलं ते असं : आई शांत असेल आणि जवळ असेल, तर बॉम्बचे आवाज मूल बऱ्यापैकी सोसतं, पण ज्या घडीला कुटुंब तुटतं त्या घडीला युद्ध त्याच्यापर्यंत खऱ्या अर्थाने पोचतं. सुरक्षित गावातली मुलं आईविना जितकी बिथरली, तितकी आईजवळची मुलं बॉम्बखालीही बिथरली नाहीत.

हे वाचून तुम्ही म्हणाल, "म्हणजे माझ्यामुळेच झालं की! आई शांत असेल तर, म्हणे. मी कुठे शांत आहे?"

थांबा. इथेच बहुतेक आया स्वतःला फासावर देतात आणि सल्ला देणारेही दोर ओढायला मदत करतात.

तुम्ही चिडचिड्या का झालात? स्वभाव बदलला म्हणून? पत्रात तुम्हीच कारण लिहिलंय, फक्त त्याला कारण म्हटलेलं नाही. हप्त्याची तारीख. अडकलेला अर्ज. चार माणसांना एक खोली. दोन-दोन तासांची झोप. अमेरिकेत आयोवा राज्यात १९८० च्या दशकात शेतीचं अर्थकारण कोसळलं, तेव्हा रँड काँगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या कुटुंबांचा अभ्यास केला. त्यांनी मांडलेली साखळी तुमच्या खोलीत तशीच्या तशी दिसते. पैसा आटतो, बिलं भागेनात, रोजच्या गरजांना कात्री लागते, त्या ओढाताणीत आईबाप खचतात, खचलेले दोघं एकमेकांवर ओरडतात, आणि या सगळ्यातून मुलाच्या वाट्याला कमी माया आणि जास्त राग येतो. या साखळीत आई मधल्या कडीवर आहे, पहिल्या नाही. बापसुद्धा नाही. मुलीला मारलेले दोन फटके तुमच्या हातून पडले हे खरं आणि त्याची जबाबदारी तुमचीच. पण ते कुठून निघाले ते बघितल्याशिवाय नुसतं "मी वाईट आई" म्हणून रडलात तर उद्याचे फटके थांबणार नाहीत.

उलट बाजूनेही पुरावा आहे आणि मला तो फार आवडतो. नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगराळ भागात जेन कॉस्टेलो आणि त्यांचे सहकारी १९९३ पासून मुलांच्या मनःस्वास्थ्याचा अभ्यास करत होते. त्यांतली चौथा हिस्सा मुलं चेरोकी या मूलनिवासी समाजाची होती. अभ्यास चालू असतानाच त्या समाजाच्या जागेवर कॅसिनो निघाला आणि नफ्यातला वाटा प्रत्येक चेरोकी माणसाला मिळू लागला. त्या पैशाने जी कुटुंबं गरिबीतून वर आली, त्यांच्या मुलांचा हट्ट, मारामारी, उलट वागणं कमी होत होत कधीच गरीब नसलेल्या मुलांच्या पातळीला आलं. मुलांना कुणी समुपदेशन केलं नव्हतं. आईबापांना त्यांच्याकडे बघायला वेळ मिळाला, मुख्यतः एवढंच मधे घडलं होतं. पैशाने सगळं निवळलं असं मात्र नाही. मुलांच्या भीतीत आणि उदासीत फारसा फरक पडला नाही. पण तुमच्यापुरता अर्थ हा की मदतीच्या अर्जामागे अर्धा दिवस घालवणं हे मुलीकडे दुर्लक्ष नाही. तेही तिचंच काम आहे. अर्ज कुठे अडकलाय ते विचारायला नवऱ्याने एकट्याने जायचं, परत येऊन चिडायचं, असं करू नका. तारीख, टेबलावरच्या माणसाचं पद, तो काय म्हणाला, हे एका वहीत लिहा. ज्यांचे हप्ते आहेत त्यांच्याकडे तारीख चुकण्याआधी जा आणि मुदत वाढवून मागा. चुकल्यावर मागितलं तर ते ऐकण्याच्या मनःस्थितीत नसतात. नाही म्हणतीलही. पण न विचारता महिनाभर धसका घेऊन बसणं त्याहून महाग पडतं.

आता मावशीचं.

तुमच्या बहिणीच्या मनात माया आहे, याबद्दल मला शंका नाही. पण मुलीच्या उंचीवरून हे कसं दिसतं ते बघा. पाणी आलं, घर गेलं. मी अंथरूण ओलं केलं, आईने मारलं. मग मला पाठवून दिलं. आणि भाऊ? भाऊ आईजवळच राहिला. साडेचार वर्षांचं मूल कारणं शोधतं आणि सापडलं नाही तर स्वतःला कारण करतं. सहा महिने म्हणजे तिच्या आयुष्याचा नववा भाग. शिवाय नवी शाळा, मग परत आल्यावर आणखी एक नवी शाळा. २००५ मध्ये कतरिना वादळाने न्यू ऑर्लिन्स बुडालं, तेव्हा कमी उत्पन्नाच्या तिथल्या आयांचा अभ्यास वादळाआधीपासूनच चालू होता, त्यामुळे आधीचं आणि नंतरचं दोन्ही हाताशी होतं. सेरा लोव यांनी त्यातल्या १८४ आया आणि त्यांच्या मुलांविषयी लिहिलंय. वादळाने आयांवर जेवढी संकटं आणली तेवढा पहिल्या वर्षात त्यांचा मानसिक त्रास वाढला, मुलांच्या शाळाही बदलत राहिल्या. आणि ज्यांच्या बाबतीत हे जास्त झालं त्यांच्या मुलांचं वागणं तीन वर्षांनीही जास्त बिघडलेलं होतं. आईचा त्रास आणि शाळांची अदलाबदल. बहिणीकडे पाठवून यातलं पहिलं कमी होईल असं तुम्हाला वाटतंय. तुमची झोप थोडी वाढेल, खरंय. पण पोर जवळ नाही या विचाराने पोखरणारी रात्र तुम्ही हिशेबात धरलेली नाही.

म्हणून माझं मत : एकटीला, सहा महिन्यांसाठी पाठवू नका.

पण बहिणीला नुसतं "नको" म्हणूनही फोन ठेवू नका. मदत करायला कुणी तयार असेल तर तिचा आकार बदलून मागता येतो, हे आपल्याला सुचत नाही. तिला विचारा, तूच पंधरा दिवस इकडे येशील का? एका खोलीत पाचवं माणूस म्हणजे अडचण आहेच. पण एक जास्तीचा हात, धाकट्याला रात्री घेणारा, तुम्हाला सलग पाच तास झोपू देणारा, हा आत्ता तुमच्या घरातला सगळ्यात मोठा उपचार ठरू शकतो. तिला येता येत नसेल तर तुम्ही दोन्ही मुलांना घेऊन आठवडाभर तिच्याकडे जा आणि तिघंही परत या. तेही नाही, तर जे पैसे ती तिकडच्या शाळेत घालणार होती त्यातून इथल्या बालवाडीची फी भरेल का विचारा. रोज तेच तीन तास, त्याच बाई, तीच मुलं. घरात सगळं हललेलं असताना एक न हलणारी जागा मुलाला फार मोलाची असते, आणि तेवढे तीन तास तुम्हालाही.

हे वाचणाऱ्या काही जणींपुढे असे पर्याय नसतील. डोक्यावर छप्परच नसेल, आजार असेल, किंवा घरात मारहाण होत असेल. तिथे मूल सुरक्षित जागी जाणं आधी. मारहाण असेल तर बनेल तिथे आईनेही सोबत निघावं. मूल एकटं पाठवावंच लागलं तर निदान हे पाळा. ते झोपलेलं असताना किंवा खेळात गुंतलेलं असताना गुपचूप निघून जाऊ नका, रडलं तरी सांगून जा. परत कधी आणणार ते "लवकरच" असं न सांगता त्याला मोजता येईल असं सांगा, आणि तो दिवस पाळा. रोज एका ठरलेल्या वेळी फोन करा. त्याची मळकी चादर, मोडकं खेळणं, आईचा न धुतलेला एखादा कपडा सोबत द्या. आणि भावंडं असतील तर त्यांना शक्यतो एकत्र पाठवा.

तुम्ही तिला ठेवून घेतलंत असं धरून पुढचं लिहिते.

त्या दोन फटक्यांविषयी तुम्ही तिच्याशी अजून बोललेला नाहीत, असं पत्रावरून दिसतं. बोला. लांबलचक नको, गळ्यात पडून रडणं तर मुळीच नको, कारण मग तिलाच तुमची समजूत काढावी लागते. खाली बसा, तिच्या डोळ्यांच्या उंचीला या आणि म्हणा, "परवा मी तुला मारलं. मी खूप दमले होते, पण मारायला नको होतं. चूक माझी होती. तुला शू झाली ही तुझी चूक नव्हती." एवढंच. ती काही बोलणार नाही कदाचित, खेळायला निघून जाईल. तरी पोचलेलं असतं. एडवर्ड ट्रॉनिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाचा १९७० च्या दशकातला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. आई बाळाशी हसतबोलत असते, मग सांगितल्याप्रमाणे चेहरा निर्विकार ठेवते. बाळ आधी हसून बघतं, मग हात पुढे करतं, आवाज काढतं. काही उपयोग झाला नाही की तोंड फिरवतं, रडतं. हे सगळं दोन-तीन मिनिटांत. हा प्रयोग सांगून आयांना घाबरवणारे पुष्कळ भेटतात. ट्रॉनिक यांचं उरलेलं म्हणणं कुणी सांगत नाही : अगदी चांगल्या चाललेल्या मायलेकरांचेही सूर बराच वेळ जुळलेले नसतात. ते चुकतात आणि पुन्हा जुळतात. ते पुन्हा जुळवून घेणं हाच नात्यातला रियाज आहे. आई कधी तुटक वागलीच नाही असं घर नसतं. तुटक वागून झाल्यावर ती परत येते की नाही, हे मूल बघत असतं.

धाकट्यालाही हे लागू आहे. अकरा महिन्यांच्या बाळाला पूर कळला नाही, पण तुमचा चेहरा कळतो. त्याच्यासाठी वेगळं काही करायला नको. त्याला पाजताना, भरवताना तेवढा वेळ फोन पालथा ठेवा आणि त्याच्याशी बोला. काय बोलता याला महत्त्व नाही. हप्त्याचा हिशेबसुद्धा लाडक्या आवाजात सांगितलात तर त्याला चालेल.

अंथरुणाचं काम व्यवहाराचं आहे. खाली मेणकापड, वर दोन चादरी एकावर एक, म्हणजे रात्री वरची ओढून काढली की झालं. झोपण्याआधी शू करून आणा, तुम्ही झोपायला जाताना पुन्हा एकदा उठवा. ओलं झालं तर "चल, बदलूया" एवढंच म्हणा. दुसऱ्यांसमोर विषय नको, भावाशी तुलना नको. चार-सहा आठवड्यांत काही फरक नाही, किंवा दिवसाही होतंय, जळजळ होतेय, खूप तहान लागतेय, तर डॉक्टरांकडे लघवी तपासून घ्या. सगळं मनावर ढकलू नये.

टबातल्या बाहुलीला थांबवू नका. मुलं बोलून मोकळी होत नाहीत, खेळून होतात. मात्र तुम्ही लिहिताय की दिवसातून पाच-सहा वेळा तोच खेळ, तेच वाक्य. भयंकर प्रसंगातून गेलेल्या मुलांचा खेळ कधीकधी असा एकाच जागी अडकतो. त्यात मजा नसते, शेवट नसतो. दिवसातून एकदा तिच्याशेजारी बसा. खेळ तुम्ही बदलू नका, फक्त विचारा, "आता बाहुलीला कोण उचलणार?" तिने आज उत्तर दिलं नाही तर उद्या विचारा. त्या रात्री तुम्हा दोघांपैकीच कुणीतरी तिला उचललं होतं. गोष्टीतला तो भाग तिच्या हाती लागायला हवा : पाणी आलं, खूप भीती वाटली, बाबांनी तुला घेतलं, आईने बाळाला घेतलं, आपण वर गेलो, आपण चौघं आहोत. तुमच्या घरी कुणी कुणाला घेतलं होतं ते मला माहीत नाही, खरं ते सांगा. पण बसवून "काय वाटलं तुला, सांग ना" असं खोदून विचारू नका.

पाऊस आला की ती विचारत असेल, "परत पाणी येणार?" "नाही येणार, गप झोप" असं म्हणू नका. तुम्हाला ते माहीत नाही आणि तुम्हाला माहीत नाही हे तिला कळतं. "पाऊस आहे. बाबा मधेमधे बाहेर बघतायत. पाणी वाढलं तर आपण चौघं मिळून वर जाऊ" हे वाक्य खरं आहे, म्हणून ते टिकतं. फोनवर पुराचे व्हिडिओ घरात पुन्हा पुन्हा लागत असतील तर बंद करा. लहान मुलाला ते जुनं चित्र आहे हे कळत नाही. त्याच्या लेखी तेव्हा पुन्हा पूर आलेला असतो.

पैशांची भांडणं. एका खोलीत तिला ऐकू न जाऊ देणं अशक्य आहे आणि कुजबुजही मुलांना घाबरवते. म्हणून आठवड्यातली एक वेळ ठरवा, शक्य असेल तर खोलीबाहेर, ओट्यावर नाहीतर जिन्यात, वही घेऊन. त्या वेळेशिवाय पैशाचा विषय काढायचा नाही. पहिले दोन आठवडे हे मोडेल. तिसऱ्यालाही मोडेल बहुधा. तरी वेळ ठरलेली असली की इतर वेळी "हे गुरुवारी बोलू" असं म्हणता येतं आणि भांडण तिथे थांबतं, निदान कधीकधी. मुलीने ऐकलंच असेल तर तिला एका वाक्यात सांगा : "बाबा आणि मी पैशांवरून चिडलो होतो, तुझ्यावर नाही. तो प्रश्न मोठी माणसं सोडवतील."

तुमच्या यजमानांशी माझं बोलणं झालेलं नाही, म्हणून त्यांच्याविषयी जपून लिहिते. हत्यारं गेलेला कारागीर घरात रिकामा बसतो तेव्हा त्याच्या हातातून नुसतं काम जात नाही. त्यांचा गप्पपणा तुम्हाला बेफिकिरी वाटतोय. तो लाज किंवा दुःखही असू शकतो. त्यांना "मुलीकडे लक्ष द्या" असं सांगून उपयोग नाही, ते फार मोघम आहे. एक काम द्या. मुलीला एक छोटी पेटी हवी आहे. पुन्हा निघावं लागलं तर न्यायच्या तिच्या वस्तूंची : कपड्यांचा एक जोड, बाहुली, बॅटरी, तुम्हा चौघांचा फोटो. हातोडी-करवत उसनी मिळते, फळीचे तुकडेही. तिला खिळे धरायला शेजारी बसवा. तिच्या तयारीला मोठ्या माणसांनी हसण्याऐवजी हात लावला, हे तिला त्या अर्ध्या दिवसात कळेल. आणि त्यांच्या हातांनाही काही कळेल.

हे सगळं करत असतानाच एक गोष्ट वेगळी करा. अशा प्रसंगानंतरची बहुतेक मुलं काही आठवड्यांत आपोआप सावरू लागतात. तुमच्याकडे पाच महिने झाले. त्यामुळे तुम्ही बालरोगतज्ज्ञांना किंवा सरकारी दवाखान्यातल्या मानसोपचार विभागात एकदा दाखवा, असं मी स्पष्ट सांगते. मूल बोलणं किंवा खेळणं सोडून देत असेल, खाणं तुटून वजन उतरत असेल, स्वतःला इजा करत असेल, तर इतर कुणीही वाचकांनी इतकी वाटसुद्धा बघू नये. जाताना तुमचीही चिठ्ठी काढा. झोप मिळूनही झोप लागत नाही, कशातच रस नाही, मरण बरं असे विचार येतात, यातलं काहीही असेल तर तिथल्या माणसाला तेच सगळ्यात आधी सांगा, मुलीविषयी नंतर.

बहिणीला फोन आजच करा, नवऱ्यासमोर. "पाठवत नाही, पण तू ये" असं म्हणा आणि कोणत्या तारखेपासून ते विचारा.

आणि बुटांचं उत्तर राहिलं. काढू नका. धुऊन, वाळवून, एखाद्या कापडी पिशवीत घालून तिच्याच हाती द्या. उशाखाली ठेवायचे की उशाशेजारी ते तिला ठरवू दे. पेटी तयार झाली की कदाचित त्यात जातील, कदाचित नाही जाणार. या वयात पाय भराभर वाढतात, तेव्हा थोड्या दिवसांत ते तिला लहान होतीलच. नवे घ्याल तेव्हा जुने तिला न विचारता टाकू नका.